बोडके घुसाडी

किनवट डेपोत तोडसाम मास्तर दोन गोष्टींसाठी बदनाम होता. एक, गाडीच्या दारात तो कुणालाही उभं राहू द्यायचा नाही, मग तो सरपंच असो की सरपंचाचा बाप. आणि दुसरी, ऐन दिवाळीत तो सुट्टी मागायचा.

दिवाळीत सुट्टी मागणारा कंडक्टर म्हणजे डेपोच्या डोक्याला ताप. पोरी माहेराला निघालेल्या, पुण्याकडं कामाला गेलेली पोरं गावाकडं परतून राहिलेली, जादा गाड्या लागलेल्या, आणि हा बाबा कोजागिरी जवळ आली की अर्ज घेऊन साहेबांच्या टेबलासमोर हजर. बाकी वर्षभर काही मागायचा नाही. होळी, पोळा, दसरा, सगळ्या सणांना ड्युटी करायचा, दुसऱ्यांच्या ड्युट्याही अंगावर घ्यायचा. एक नवीन साहेब त्याला म्हणाले, तोडसाम, दिवाळी काय तुम्हाला एकट्यालाच आहे का? मास्तर म्हणाला, "साहेब, त्या दिवसांत मी मास्तर नसतो." मग कोण असता, असं साहेबांनी विचारलं. "घुसाडी," मास्तर म्हणाला. साहेबांना ते काही कळलं नाही, पण माणूस हलणार नाही एवढं कळलं असावं. त्यांनी सही केली.

मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मी शिरूर अनंतपाळकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, नोकरीनं ड्रायव्हर. आमच्याकडं सगळी काळी रानं, तूर आणि सोयाबीन. किनवटला बदली झाली तेव्हा मी बदली करणाऱ्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. तिथं या माणसाबरोबर माझी जोडी लागली आणि ती मी रिटायर होईपर्यंत टिकली. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून तो मास्तर. तो मला डायवरसाब म्हणायचा. तोंडावर आम्ही अहो-जाहो करायचो. मनात मात्र तो मला 'तो'च होता, म्हणून इथंही तसंच लिहितो.

बुटका, रुंद माणूस. आवाज असा की हिमायतनगरच्या स्टँडवर 'किनवट, किनवट' अशी आरोळी दिली की झोपलेली कुत्री उठून बसायची. तोंडात दोन वाक्यं कायमची. "मागं लई जागा हाय" हे गाडीत पाय ठेवायला जागा नसतानाही. आणि "बसा न्हाईतर उतरा" हे ज्याचं मन एका जागी ठरत नाही त्याला, गाडीत आणि गाडीबाहेरही. लातूरला घर बांधावं की गावाकडं, याचा काथ्याकूट मी त्याच्यापुढं दोन महिने केला. तो ऐकून घ्यायचा. एके दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "डायवरसाब, बसा न्हाईतर उतरा." पुढच्या आठवड्यात मी लातूरला प्लॉट घेतला.

फार गोड माणूस होता असं मी म्हणणार नाही. तापट होता. आपलंच खरं करायचा. गाडी कधी सुटते म्हणून कुणी विचारलं तर 'आत्ता, पाच मिन्टात' असं बेधडक खोटं सांगायचा. म्हाताऱ्या बायांना पिशव्यांवरून झाप झाप झापायचा आणि मग उतरताना त्याच पिशव्या स्वतः उचलून खाली ठेवायचा. वाद घालायला लागला की समोरच्यानं हात टेकले तरी ह्याचं चालूच राहायचं.

तो गोंड. त्याचा गुडा, म्हणजे वाडी, हिमायतनगरहून किनवटला येताना सागाचं रान सुरू होतं त्या अंगाला. एकदा पाऊस लागून गाडी अडकली तेव्हा त्यानं मला ते घुसाडीचं समजावून सांगितलं. दिवाळीच्या आधी त्यांची दंडारी निघते. गावातली माणसं ढोल वाजवत, नाचत सोयरिकीतल्या गावी पाहुणी म्हणून जातात. ते गाव त्यांचे पाय धुतं, त्यांना जेवू घालतं. त्या नाचणाऱ्यांत घुसाडी असतो तो देवाचं रूप. अंगाला राख, हातात सोटा आणि डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप. एकेका टोपात शेकडो पिसं. टोप चढला की त्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. त्यानं आंघोळ करायची नाही, अंथरुणावर निजायचं नाही. टोप घराण्याचा असतो, आज्याकडून बापाकडं, बापाकडून पोराकडं. त्या गुड्यात असे चार टोप होते आणि त्यातला एक मास्तरच्या घरात.

पिसं काही जन्मभर टिकत नाहीत. कीड लागते, रंग जातो, दरवर्षी थोडी बदलावी लागतात. मास्तरच्या आज्याच्या काळात गुड्याशेजारच्या ओढ्यावर मोर होते. भादव्यात ते पिसारा गाळायचे आणि बायापोरं पिसं वेचून आणायची. मग मोर गेले. का गेले याबद्दल गुड्यात दहा मतं होती. मास्तरचं मत एकच होतं, बियाणं. कारखान्यातून औषध लावून येणारं रंगीत बी लोकांनी ओढ्याच्या काठापर्यंत पेरलं, मोरांनी ते टिपलं आणि तिथंच पडले. खरंखोटं मला ठाऊक नाही. पण मोर गेले तरी टोप भरावाच लागतो. मग हैदराबादच्या ड्युटीवर गेला की मास्तरच चारही घरांसाठी पिसांच्या जुड्या विकत आणायचा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

एका दिवाळीला तो सुट्टीवरून परतला तो निराळाच. गाडी निघाली तरी गप्प. हिमायतनगर येईपर्यंत एकाही प्रवाशावर ओरडला नाही तेव्हा मला काळजी वाटली. चहाच्या टपरीवर त्यानं सांगितलं. पिसांचे देठ कडक होते, बांधताना मोडत होते, म्हणून त्यानं ती जुडी कोमट पाण्यात बुडवून ठेवली होती. थोड्या वेळानं बघतो तर पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या, रंग सुटला असेल. पण त्यानं एक पीस उचलून बुडाशी पाहिलं. आपोआप गळालेल्या पिसाचा देठ पांढराधोट असतो. ह्याच्या टोकाला वाळलेलं रक्त आणि मांस होतं.

"मोर मारून उपटलेली पिसं होती ती," तो म्हणाला. "आन मी ती इतके वरीस देवाच्या डोक्यावर चढवून राहिलो."

त्यानं काय करावं? सगळा टोप उसवला. एकूण एक पीस काढलं. मग ते रक्ताचं पीस हातात घेऊन बाकीच्या तिन्ही घरी गेला आणि त्यांनाही टोप उसवायला लावले. गावच्या महाजनाला विचारलं नाही. महाजन म्हणजे गुड्याचा प्रमुख, कमी बोलणारा, काटक म्हातारा. दुसऱ्या दिवशी दंडारी निघायची होती. ती थांबवता येत नाही. म्हणून त्या वर्षी चार घुसाडी नुसते बांबूच्या कामट्यांचे सांगाडे डोक्यावर घेऊन पाहुणे गेले.

यजमान गावाला तो अपमान वाटला. आमच्या दारात देव असा उघडा आणता, आम्ही काय सुतकात आहोत का, असं त्यांचं म्हणणं. पाय धुतले त्यांनी, रीत मोडली नाही. पण तिथल्या बायांनी उभ्या उभ्या गाणं रचलं, बोडके घुसाडी आले, ह्यांचे मोर कुणी खाल्ले. सोयरिकीत चेष्टा चालते, पण ही चेष्टा जरा खोल गेली. महाजनाच्या नातीचं त्या गावात जवळजवळ ठरलेलं होतं, ते बोलणंही तिथंच थांबलं.

परत आल्यावर बैठक बसली. एक तरणा गडी म्हणाला, मोबाईलवर मागवू, घरपोच येतात. मास्तर म्हणाला, बाजाराचं एक पीस गुड्यात आलं तर मी ते जाळीन. बरीच आरडाओरड झाली म्हणे. शेवटी महाजन बोलला. तीन दिवाळ्या देतो. तेवढ्यात आपल्या शिवारातली, आपल्या मोरांची पिसं आण. न्हाई आली तर बाजारची येतील, आणि तुझ्या घरातला टोप दुसऱ्या घरी जाईल.

 टोप जाणं म्हणजे काय हे मी मास्तरला विचारलं. तो म्हणाला, "म्हंजी माझा आजाच घरातून गेला की, डायवरसाब."

वहिनींनी त्याच्याशी अबोला धरला नाही, त्याहून वाईट केलं. लग्न होऊन आल्यापासून त्या त्या टोपापुढं दिवा लावत होत्या आणि नवऱ्यानं न विचारता तो भुंडा करून ठेवला होता. मास्तर सांगायचा, "पयले ती माझ्याशी गोंडीत भांडायची. आता मराठीत भांडून राहिली. मराठीत म्हंजी मला परकं केलं."

त्या पावसाळ्यात आमची लातूर ड्युटी लागली होती. मुक्काम लातूरला. सकाळी गावाकडून भावाचा फोन आला की सोयाबीनमध्ये कोळपणी करताना लांडोरीचं घरटं उघडं पडलं, कुत्री मागं लागली, लांडोर जी उडाली ती परत फिरकली नाही, अंडी तशीच पडून आहेत. आमच्या रानात मोर रगड, भाऊ त्यांच्या नावानं बोटं मोडायचा. मी हे सहज मास्तरला सांगितलं. तो दात घासत होता. ब्रश तोंडातच ठेवून त्यानं शर्ट चढवला.

मी नको म्हणालो, ड्युटी आहे, उशीर होईल. त्यानं ऐकलं नाही. जीप करून आम्ही शिरूरला गेलो आणि गाडीच्या वेळेआधी परतही आलो. एका टोपलीत भुसा, त्यावर भावाच्या घरचा जुना कापूस आणि त्यात पाच अंडी. अशी अंडी उचलणं कायद्यात बसत नाही हे तेव्हा आम्हा दोघांनाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी तो थांबला नसता. लातूरपासून किनवटपर्यंत ती टोपली त्यानं खाली ठेवली नाही. तिकिटाचं मशीन एका हातात, टोपली दुसऱ्या हातात. नियमाप्रमाणं तिचं लगेजचं तिकीटही स्वतःच्या पैशानं फाडलं. अहमदपूरला एका बाईनं विचारलं, टोपलीत काय आहे हो? "लेकरं हायत, झोपलेत," मास्तर म्हणाला. आणि मला खड्ड्याखड्ड्याला मागून शिव्या. लोह्याच्या पुढं तर मी गाडी इतकी हळू हाकली की सायकलवाले पुढं गेले.

वहिनींची एक खुडूक कोंबडी होती, तिच्याखाली अंडी ठेवली. वहिनी तयार झाल्या, मराठीतच. पाचातल्या चार अंड्यांतून पिल्लं निघाली.

आणि इथं त्या गुड्यानं अशी चूक केली की जी दुसऱ्या कुठल्या गावानं केली नसती. आमच्या गावात मोर अंगणात आला तर आम्ही दगड मारतो. त्यांच्याकडं ते देवाचं पाखरू. त्याला हाड म्हणायचं कसं? पिल्लं कोंबडीमागं घरोघर फिरायला लागली. कुणी ज्वारी टाकायचं, कुणी भाकरी कुस्करून घालायचं. ती बाजेवर बसली तर माणसं खाली बसायची. रागावलेला महाजनसुद्धा आपल्या तळहातावर दाणे घेऊन उभा राहायचा म्हणे. आणि मास्तरनं तर त्यांना त्याच्या कंडक्टरच्या शिट्टीची सवय लावली. शिट्टी वाजली की चारही पिल्लं धावत यायची. त्याचे व्हिडिओ तो मला पाठवायचा. मी त्याला म्हणालो, मास्तर, हे मोर नव्हेत, ह्या कोंबड्या झाल्या. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

मग व्हायचं तेच झालं. एक पिल्लू कुत्र्यानं नेलं, कारण कुत्र्याला भ्यायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. दुसरं जरा मोठं झाल्यावर बाजाराच्या दिवशी रस्त्यावर थांबलेल्या टेम्पोत जाऊन बसलं आणि टेम्पोबरोबर गेलं. कुठं गेलं कुणाला माहीत. राहिली दोन, आणि ती मोठी झाली तेव्हा कळलं की दोन्ही लांडोरी. लांडोरीला पिसारा नसतो. टोपासाठी त्यांचा काही उपयोग नव्हता. सगळा गुडा हसला. मास्तरनंही हसून घेतलं, पण मला गाडीत म्हणाला की एक दिवाळी गेली, दुसरी आली, आणि माझ्या पदरात दोन बाया.

तेवढ्यात जंगलाचा गार्ड आला. भला माणूस होता. त्यानं पंचनामा वगैरे केला नाही, पण स्पष्ट सांगितलं. मोर पाळणं गुन्हा आहे. हे पिंजऱ्यात नाहीत म्हणून बरं, पण त्यांना ओढ्यापलीकडं रानात जाऊ द्या आणि परत येऊ देऊ नका. इथं राहिल्या तर ह्याही कुत्र्याच्याच तोंडी जातील. रानात गळालेलं पीस उचललं तर त्याला हरकत नाही, हेही त्यानंच सांगितलं.

हाकलायच्या दिवशी माझी सुट्टी होती, मी गेलो होतो. मास्तर खाकी कपड्यात ओढ्याकाठी उभा राहिला. लांडोरी घराच्या कौलावर होत्या. त्यांना भिववायचं म्हणून त्यानं गाल फुगवून जोरात शिट्टी मारली. दोन्ही लांडोरी उडत उडत आल्या आणि त्याच्या पायाशी दाण्यासाठी उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. मीही नाही. मग त्यानं काठी घेतली. 'उतरा, उतरा' असं काहीतरी सवयीनं ओरडत तो त्यांच्या मागं धावला. त्या थोडं पळायच्या, थांबायच्या, त्याच्याकडं बघायच्या. गुड्यातलं कुणी मदतीला आलं नाही. शेवटी त्यानं एकीला काठी मारली. लागली ती. ती ओरडली आणि ओढा ओलांडून गेली, तिच्यामागं दुसरी.

वहिनी ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून रडत होत्या. मास्तर परत आला, काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसला. त्या मराठीत म्हणाल्या, "देवाला काठी मारली तुमी."  मला त्या दिवशी त्याची फार दया आली.

पुढं कितीतरी दिवस तो ड्युटीवरून आला की ओढ्याच्या काठाला काठी घेऊन बसायचा. त्या यायच्या, हा हाकलायचा. हळूहळू त्यांचं येणं थांबलं. दुसऱ्या दिवाळीलाही बोडकेच टोप गेले. गाण्यात नवीन कडवी पडली होती.

त्याच दरम्यान मास्तरनं गुड्यात भाषणं सुरू केली होती. ओढ्याकडेच्या पट्ट्यात औषधाचं बी पेरू नका, फवारू नका. घरोघर जाऊन सांगायचा, बैठकीत सांगायचा, तापायचा. कुणी हललं नाही. कापूस कुणाला सुटतो? त्याच्या स्वतःच्या घरात कुणी ऐकत नव्हतं, कारण ओढ्याकडचं रान वहिनी बघायच्या.

पण मिरगाच्या पेरणीला वहिनींनी न बोलता ओढ्याकडेचा पट्टा वेगळा ठेवला. त्यात घरची जुनी ज्वारी फेकली, औषध नाही, काही नाही. मास्तरनं विचारलं तेव्हा त्या त्याच्यावर उसळल्या, आणि उसळल्या त्या गोंडीत. त्यानं मला मराठी करून सांगितलं. "म्हणाली, माझ्या लेकी पलीकडं हायत, त्यांच्या तोंडाशी मी विख पेरू का?"

तिथून शेजारणीनं पट्टा सोडला. मग तिच्या शेजारणीनं. त्या दोन पाखरांनी प्रत्येक घरातलं खाल्लं होतं ना, त्यामुळं त्या प्रत्येकीच्याच लेकी झाल्या होत्या. महाजनाच्या सुनेनं पट्टा सोडला तेव्हा महाजनाला कळवलंही नाही म्हणे. एवढं वर्षभर मास्तरनं घसा कोरडा करूनही जे झालं नव्हतं, ते असं झालं. त्यानं हे मला सांगितलं तेव्हा तो खूष होता आणि थोडा चिडलेलाही होता.

मी तोवर रिटायर होऊन लातूरला आलो होतो. आषाढात एका पहाटे त्याचा फोन. "डायवरसाब, ऐका," म्हणाला आणि फोन हवेत धरला असावा. मला नुसता वारा ऐकू आला. मी म्हणालो, हाव, लई छान. तो म्हणाला, मोर हायत. वरच्या डोंगराकडून आलेत, ह्या दोघींच्या मागं लागून. मोर लांडोर असेल तिथं येतो, हे एवढं साधं आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. ज्या दोन बाया पदरात पडल्या म्हणून तो कपाळाला हात लावून बसला होता, त्यांनीच मोर आणले. त्याच पावसाळ्यात त्यातली एक वहिनींच्या ज्वारीत अंड्यावर बसली. आणि भादव्यात ओढ्याच्या काठानं पिसं पडायला लागली. देठ पांढराधोट.

तिसऱ्या दिवाळीला मी गेलो. मुद्दाम गेलो, हिमायतनगरहून त्याच जुन्या गाडीनं. महाजनाच्या ओसरीवर चादर अंथरून त्यावर पिसं रचली होती आणि टोप बांधणं चाललं होतं. पिसं सुंदर होती पण चार टोपांना पुरण्यासारखी नव्हती. गच्च बांधली तर तीन टोप होत होते. महाजन म्हणाला, चौघांत वाटू, जरा विरळ दिसतील, चालेल. मास्तर नको म्हणाला. तीन गच्च भरा. त्यानं आपला टोप उचलून बाजूला ठेवला.

महाजनानं हातातली पिसं खाली ठेवली. मग म्हणाला, "तू शब्द पुरा केला. टोप तुज्या घरचाच हाय. मग हे काय?"

"ह्याच्यावर सगळ्यात जास्ती मेलेले मोर चढले," मास्तर म्हणाला. "मीच आणले होते. अजून एक वरीस बोडका ऱ्हाऊ द्या."

कुणी वाद घातला नाही. एरवी वादात न हरणारा हा माणूस, आणि त्या दिवशी त्याच्याशी कुणी वादच घातला नाही. ते एक वर्ष त्याला मिळालं नाही. माघात गेला. छातीत दुखतं म्हणाला आणि किनवटच्या दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मला दुसऱ्या दिवशी कळलं. पुढच्या भादव्यात पिसं भरपूर आली, पोत्यानं आली म्हणतात. मी बघायला गेलो नाही. माझं मन झालं नाही.

मला तो दिसतो तो त्या तिसऱ्या दिवाळीच्या दुपारी. यजमान गावाच्या शिवेवर ढोल पोचले आणि तीन टोप झाडीतून बाहेर आले तशी त्या गावाची माणसं उठून उभी राहिली. त्यांचा म्हातारा स्वतः पाण्याची घागर घेऊन पुढं आला. पाय धुतले. महाजन आणि तो म्हातारा एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, आणि नातीचं बोलणं आता अडत नाही हे मला परक्यालाही दिसत होतं. मग बायांचं लक्ष चौथ्याकडं गेलं. तिघांच्या मागं, राख फासलेला, डोक्यावर नुसता कामट्यांचा सांगाडा. बायांनी लगेच गाणं धरलं. ह्या एकट्याचंच काय झालं, ह्याच्या वाटणीचा मोर बायकोनं शिजवला का, असं काहीतरी. सगळं गाव हसत होतं. तो सोटा आपटून वाकुल्या दाखवत त्यांच्या अंगावर जात होता, मागं येत होता, पुन्हा जात होता. वय झालं होतं, गुडघे दुखायचे त्याचे, पण तो थांबत नव्हता.

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. "ह्या बायांना कोणी सांगा," मी म्हणालो, "की ती तिघांची पिसं ह्याच्यामुळं आहेत."

"सांगू नका," त्या म्हणाल्या. "त्याला ते ऐकायचं न्हाई. हसू द्या त्यांना."

मला त्याचा अभिमान वाटत होता. माझी परतीची गाडी चुकली असती. निरोप घ्यावा म्हणून मी रिंगणाच्या कडेला गेलो. हाक मारता येत नव्हती, टोप चढल्यावर नाव घ्यायचं नसतं. इतकी वर्षं त्याच्याबरोबर भांडलो, एका डब्यात जेवलो, पण त्याला हात जोडायची वेळ कधी आली नव्हती. त्या दिवशी मी जोडले. नाचत नाचत तो अगदी जवळून गेला. राखेतून घाम ओघळत होता. त्याची नजर माझ्यावरून गेली पण थांबली नाही. घुसाडी कुणाला ओळख देत नसतो. मी तसाच हात जोडून थोडा वेळ उभा राहिलो आणि मग रस्त्याला लागलो.